शिक्षेची वही : आयर्लंडमधील धर्मभगिनींच्या औद्योगिक शाळा आणि शिस्तीचा इतिहास

प्रस्तावना

आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी ११ मे १९९९ रोजी शासनाच्या वतीने जाहीर माफी मागितली. कॅथलिक धर्मसंघांनी चालविलेल्या निवासी संस्थांमध्ये ज्यांचे बालपण गेले आणि तेथे ज्यांनी छळ सोसला, त्या नागरिकांची ही माफी होती. त्यानंतर दहा वर्षांनी, २० मे २००९ रोजी, न्यायमूर्ती शॉन रायन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा पाच खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. अहवालाची पृष्ठसंख्या अडीच हजारांहून अधिक आहे. आयोगाच्या गोपनीय समितीपुढे १०९० स्त्री-पुरुषांनी आपल्यावरील अत्याचारांची हकिकत सांगितली आणि त्यांच्या कथनात दोनशेहून अधिक संस्थांचा उल्लेख आला.

या विषयावरील चर्चेत पुरुष धर्मसंघांच्या शाळांना साहजिकच अधिक जागा मिळाली. लैंगिक अत्याचार मुलग्यांच्या संस्थांमध्ये खोलवर रुजलेले होते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. मुलींच्या आणि लहान वयाच्या मुलग्यांच्या बहुतेक शाळा मात्र धर्मभगिनींच्या, म्हणजे नन्सच्या, ताब्यात होत्या. तेथील छळाचे स्वरूप निराळे होते. मारहाण, उपासमार, कष्टाची कामे आणि पदोपदी होणारा अपमान या गोष्टी तेथे शिस्त या नावाखाली चालत. प्रस्तुत लेखाचा विषय ही शिस्त हा आहे. तिच्या समर्थनार्थ 'त्या काळी सगळीकडे असेच होते' हे विधान वारंवार केले जाते. वरवर पाहता ते इतिहासाच्या अभ्यासकाला मानवणारे आहे, कारण भूतकाळाचा न्याय वर्तमानाच्या मापाने करू नये हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो. तथापि त्या काळाची मापे कोणती होती, हे त्या काळच्याच कागदपत्रांवरून तपासून पाहणे आवश्यक आहे.

अनुदान आणि न्यायालय

औद्योगिक शाळांची व्यवस्था आयर्लंडमध्ये १८६८ च्या कायद्याने आली. त्या वेळी आयर्लंड ब्रिटिश अंमलाखाली होते. निराधार, भटकी व भीक मागणारी मुले गुन्हेगारीकडे वळण्यापूर्वीच त्यांना निवारा व हातचे कसब द्यावे, हा कायद्याचा हेतू. १९०८ च्या बालक कायद्याने ही व्यवस्था अधिक पक्की केली. 'प्रमाणित शाळा' ही संकल्पना आपल्यालाही अपरिचित नाही. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली सुधारणा संस्था १८५७ ची. पुढे १९२४ चा मुंबई बालक कायदा आला तोही याच कायदेपरंपरेतला.

१९२२ मध्ये आयर्लंड स्वतंत्र झाले, पण व्यवस्था तशीच राहिली. इंग्लंडने १९३३ च्या कायद्याने औद्योगिक शाळा हा प्रकारच मोडीत काढला. स्वतंत्र आयर्लंडने मात्र परक्या सत्तेने केलेला १९०८ चा कायदा विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मूळ चौकटीत सांभाळला. परकीय राजवटीची नाणी आणि रस्त्यांची नावे बदलणाऱ्या राष्ट्राने हा कायदा का बदलला नाही, याचे उत्तर बव्हंशी अर्थकारणात आहे. शाळा धर्मसंघांच्या मालकीच्या होत्या. शासनाला इमारती बांधाव्या लागत नव्हत्या आणि नन्सना वेतन द्यावे लागत नव्हते. शासन व स्थानिक संस्था मिळून प्रत्येक मुलामागे आठवड्याला ठराविक रक्कम देत, म्हणजेच दरडोई अनुदान.

या दरडोई अनुदानाचे परिणाम दूरगामी झाले. मूल न्यायालयाच्या आदेशाने आलेले असेल तरच ही रक्कम मिळे. त्यामुळे गरिबी ही अवस्था न्यायालयापुढे मांडावी लागे. आई वारली, बाप कामासाठी इंग्लंडला गेला, आई अविवाहित आहे, घरात खायला नाही, अशा कारणांनी सहा-सात वर्षांच्या मुली न्यायाधीशांसमोर उभ्या केल्या जात आणि वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत शाळेच्या स्वाधीन होत. गुन्हा कोणताच नसे, पण प्रक्रिया गुन्हेगाराची असे. १८६८ ते १९६९ या काळात सुमारे १ लाख ५ हजार मुले अशा रीतीने औद्योगिक शाळांत दाखल झाली. मुले कमी झाली की उत्पन्न घटे, पण इमारत, चूल आणि मठाचा खर्च तोच राही. शाळा भरलेली ठेवणे हे व्यवस्थापनाच्या हिताचे होते आणि मुलावर होणारा खर्च वाचवणे हेही हिताचेच होते. याच पैशाने एखाद्या विधवेला घरीच मूल सांभाळता आले असते, ही शक्यता धोरणकर्त्यांनी फारशी विचारात घेतली नाही.

दयेचे व्रत

सर्वांत अधिक शाळा 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या संघाकडे होत्या. कॅथरिन मकॉली या डब्लिनमधील सधन स्त्रीने आपल्या वारशाच्या पैशातून १८२७ मध्ये बॅगट स्ट्रीटवर गरीब स्त्रिया व मुलींसाठी घर उघडले आणि १८३१ मध्ये संघाची स्थापना केली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांच्या जोडीला या संघाच्या भगिनी चौथे व्रत घेतात, ते गरीब, आजारी व अशिक्षित यांच्या सेवेचे. संघाच्या नावातच दया आहे. एकोणिसाव्या शतकात या भगिनींनी पटकीच्या साथीत केलेली शुश्रूषा आणि गरीब वस्त्यांत काढलेल्या शाळा यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु मठाच्या भिंतीआड जे जग होते ते समतेचे नव्हते. मठात येताना मुलीबरोबर हुंडा येई. हा शब्द आपल्या कानांना वेगळा लागतो, पण अर्थ जवळजवळ तोच होता. हुंडा व शिक्षण घेऊन येणारी 'कॉयर सिस्टर' अध्यापन व प्रशासन करी; गरीब घरातून आलेली 'ले सिस्टर' स्वयंपाकघर, धुणे व शेती पाही. हा भेद दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) टिकला. एकाच आवारात फी भरणाऱ्या मुलींची शाळा, गावातील मुलींची प्राथमिक शाळा आणि औद्योगिक शाळा असे थर अनेक ठिकाणी होते. औद्योगिक शाळेतील मुली सर्वांत खालच्या थरात. त्यांतील अनेकींना 'तुझी आई पापी आहे' हे वाक्य वारंवार ऐकावे लागले, असे साक्षींतून दिसते.

मुलांच्या संगोपनाचे प्रशिक्षण कुणालाच नव्हते. भगिनीची नेमणूक मठप्रमुख करी. तिची आवड वा पात्रता विचारण्याची पद्धत नव्हती आणि आज्ञापालनाच्या व्रतामुळे नकार देण्याची सोयही नव्हती. अठराव्या-विसाव्या वर्षी घर सोडून आलेली, स्वतःच्या भावना दाबण्याची शिकवण मिळालेली एखादी तरुणी दीडशे मुलींच्या शयनगृहाची अधिकारी होई आणि वीस-वीस वर्षे तेथेच राही. प्रस्तुत लेखकाच्या मते ही परिस्थिती क्रौर्याचे स्पष्टीकरण आहे, समर्थन नव्हे. कारण त्याच परिस्थितीत, त्याच इमारतीत प्रेमाने वागलेल्या भगिनीही होत्या. आयोगापुढे आलेल्या अनेकांनी त्यांची आठवण कृतज्ञतेने सांगितली आहे. चाळीस-पन्नास वर्षांनंतरही लक्षात राहिलेली गोष्ट पुष्कळदा अगदी लहान असे, उदाहरणार्थ एखादा प्रेमाचा शब्द.

जपमाळेचे मणी

डब्लिनच्या इंचिकोर भागातील गोल्डनब्रिज येथील सेंट व्हिन्सेंट औद्योगिक शाळा हे या इतिहासातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण होय. १८८० मध्ये प्रमाणित झालेली ही शाळा १९८३ मध्ये बंद झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास येथे दीडशेच्या आसपास मुली होत्या आणि त्यांच्यासाठी बोटांवर मोजण्याइतक्या भगिनी. उरलेले काम वेतनी सेविका करीत. त्यांतील काही याच शाळेत वाढलेल्या होत्या, म्हणजे शिस्त ज्यांच्यावर चालली त्याच पुढे ती चालवू लागल्या.

या शाळेत जपमाळा तयार करण्याचा उद्योग चाले. बाहेरचा व्यावसायिक मणी व तार पुरवी आणि शाळेला मोबदला देई. कॅथलिक जपमाळेत दहा-दहा मण्यांचे गट असतात. मुलींना दिवसाला साठ गटांचे, म्हणजे सहाशे मण्यांचे, काम नेमून दिलेले असे. पकडीने तार वाकवून कडी करावयाची, मणी ओवावयाचा, पुन्हा कडी. तारेने बोटे कापत. शाळा सुटल्यावर खेळण्याचा वेळ या कामात जाई, आणि काम अपुरे वा सदोष राहिले तर मार बसे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा उद्योग चालू होता. यातून मुलींना कोणते कसब मिळाले, हा प्रश्न विचारावासा वाटतो, कारण 'औद्योगिक' या शब्दाचा कायद्याला अभिप्रेत अर्थ हातचे कसब असा होता.

रात्रीच्या शिक्षेचे वर्णन अनेक साक्षींत जवळजवळ सारखे येते. दिवसभरात काही चूक झालेल्या मुलींना रात्री जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत उभे राहावे लागे. प्रमुख भगिनी केव्हा येईल हे ठाऊक नसे. कित्येकदा तास-दोन तास थंडीत उभे राहिल्यावर ती येई आणि मग छड्या बसत. छडीपेक्षा ते ताटकळणेच अधिक लक्षात राहिले, असे सांगणाऱ्याही आहेत. अंथरूण ओले करणाऱ्या मुलींना ओली चादर सर्वांसमोर मिरवावी लागे. केस कापून टाकणे हीदेखील एक शिक्षा होती. गोल्डनब्रिजमध्ये मारहाणीचे प्रमाण मोठे होते आणि मुलींच्या मनात सतत भय असे, असे आयोगाने नमूद केले आहे.

नियम आणि वही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या काळी सगळीकडे असेच होते काय? छडी सर्वत्र होती यात शंका नाही. आयरिश शाळांतून शारीरिक शिक्षा १९८२ मध्ये बंद झाली आणि शिक्षकांना असलेले कायदेशीर संरक्षण तर १९९७ च्या कायद्याने गेले. परंतु औद्योगिक शाळांसाठी शिक्षण खात्याचे १९३३ चे स्वतंत्र नियम होते. त्यांत शिक्षेची मर्यादा आखून दिली होती आणि प्रत्येक गंभीर शिक्षेची नोंद 'शिक्षा-वहीत' करावी व ती वही निरीक्षकास दाखवावी असे बंधन होते. १९४६ मध्ये खात्याने परिपत्रक काढून शारीरिक शिक्षा हा अखेरचा उपाय असल्याचे पुन्हा बजावले. म्हणजे अंथरूण ओले केल्याबद्दल मारणे हे आजच्याच नव्हे, तर १९४६ च्या मापानेही नियमबाह्य होते.

या वह्यांचे पुढे काय झाले? आयोगाने त्या मागितल्या तेव्हा बहुतेक शाळांकडून त्या मिळाल्याच नाहीत. त्या ठेवल्या गेल्या नव्हत्या किंवा उरल्या नव्हत्या. निरीक्षकांनी त्या वर्षानुवर्षे मागितल्याचेही दिसत नाही. मुलाची नोंद दर आठवड्याला अचूक होत असे, कारण तीवर अनुदान अवलंबून होते. शिक्षेच्या नोंदीवर मात्र कुणाचे काहीच अवलंबून नव्हते. सरकारी दप्तर कसे घडते याचे याहून बोलके उदाहरण विरळाच.

खात्याला काहीच ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही. वैद्यकीय निरीक्षक डॉ. अ‍ॅना मकॅब यांची नेमणूक १९३९ ची. १९४० च्या दशकातील त्यांच्या अहवालांत अनेक शाळांमधील मुले अर्धपोटी असल्याचे व त्यांची वाढ खुंटल्याचे स्पष्ट लिहिले आहे. काही ठिकाणी त्यामुळे सुधारणा झाल्या. पण शाळेचे प्रमाणपत्र काढून घेण्याचे हत्यार खात्याने जवळजवळ कधीच उपसले नाही. धर्मसंघांपुढे खाते नमते घेत असे, हा आयोगाचा निष्कर्ष कागदपत्रांशी जुळणारा आहे. १९३७ च्या राज्यघटनेत कॅथलिक चर्चला 'विशेष स्थान' होते. १९७२ च्या जनमतानंतर ते कलम वगळले गेले.

समकालीन टीकाकारही होते. अमेरिकेत 'बॉइज टाउन' ही संस्था काढणारे मूळचे आयरिश धर्मगुरू एडवर्ड फ्लॅनगन यांनी १९४६ च्या दौऱ्यात या व्यवस्थेवर जाहीर टीका केली. तत्कालीन मंत्र्यांनी ती झटकून टाकली. चर्चचाच एक मान्यवर माणूस १९४६ मध्ये जे पाहू शकला, ते पाहण्याची दृष्टी त्या काळाला नव्हती असे कसे म्हणावे?

त्याआधीची एक घटना येथे नोंदवली पाहिजे. २३ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री कॅव्हन येथील पुअर क्लेअर्स या बंदिस्त मठाच्या औद्योगिक शाळेला आग लागली. ३५ मुली व एक वृद्ध स्वयंपाकीण मृत्युमुखी पडल्या. एकही नन दगावली नाही. रात्रीच्या कपड्यांतील मुली परपुरुषांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून सुटकेस विलंब झाला, अशी वदंता गावात पसरली आणि आजही ती सांगितली जाते. चौकशी न्यायाधिकरणाने भगिनींवर ठपका ठेवला नाही. आगीशी झुंजण्याचे अपुरे साधन व प्रशिक्षण यांकडे बोट दाखवले. या न्यायाधिकरणाचे सचिव होते ब्रायन ओ'नोलन, म्हणजेच फ्लॅन ओ'ब्रायन या नावाने प्रसिद्ध असलेले लेखक. वदंता खरी की अहवाल, याचा निवाडा आज करता येणार नाही. मात्र नगरवासीयांना ती वदंता सहज पटली, ही वस्तुस्थिती त्या समाजाला भिंतीआडचे काय ठाऊक होते याचा पुरावा म्हणून वाचता येते.

साक्षीचा प्रश्न

वही नसेल तर उरते ती स्मृती. १९७० च्या केनेडी अहवालाने मोठ्या संस्था व दरडोई अनुदान बंद करण्याची शिफारस केली आणि शाळा एकेक करून मिटत गेल्या; मात्र मारहाणीविषयी त्या अहवालाने जवळजवळ मौन पाळले. बोलणे सुरू झाले ते पुस्तकांतून. कॅव्हनवरील 'चिल्ड्रन ऑफ द पुअर क्लेअर्स' १९८५ मध्ये आले. कॅपोक्विन येथे मर्सी भगिनींच्या शाळेत राहिलेल्या पॅडी डॉइल यांचे आत्मकथन १९८८ चे. १९९६ मध्ये गोल्डनब्रिजमध्ये वाढलेल्या क्रिस्टीन बक्ली यांच्यावरील 'डिअर डॉटर' हा माहितीपट दूरचित्रवाणीवर आला आणि देश हादरला. मर्सी संघाने त्याच वर्षी माफी मागितली, परंतु ती अनेकांना अपुरी व सावध वाटली. अधिक निःसंदिग्ध माफी २००४ मध्ये आली. मेरी रॅफ्टरी यांची 'स्टेट्स ऑफ फिअर' ही मालिका १९९९ ची. तिचे वेगळेपण असे की तिने साक्षींच्या शेजारी खात्याचे कागद ठेवले.

स्मृतीच्या विश्वासार्हतेबद्दल शंका घेणाऱ्यांना सरसकट छळाचे पाठीराखे म्हणणे योग्य नाही. १९९९ च्या त्या तप्त वातावरणात एका माजी ननला बलात्काराच्या आरोपाखाली दोषी ठरवून जन्मठेप झाली. त्याच वर्षी ती रद्द झाली आणि २००५ मध्ये न्यायालयाने हा न्यायविपर्यय असल्याचे प्रमाणित केले. संतापाच्या लाटेत पुरावा किती सहज स्वीकारला जातो, हे त्यातून दिसते. आयोगाच्या रचनेत याचा काहीसा विचार होता. गोपनीय समिती साक्षीदाराचे म्हणणे उलटतपासणीविना ऐकून घेई. चौकशी समितीपुढे मात्र दोन्ही बाजू येत आणि वकील प्रश्न विचारीत. पुढे क्रिश्चन ब्रदर्स या संघाने न्यायालयात धाव घेतल्यानंतर अहवालात आरोपितांची खरी नावे न देण्याचे ठरले. परिणामी अहवालातील भगिनी टोपणनावांनी वावरतात. एकमेकींना न ओळखणाऱ्या, निरनिराळ्या दशकांत राहिलेल्या स्त्रिया जेव्हा तोच जिना, तीच वेळ आणि तेच ताटकळणे सांगतात, तेव्हा एखाद्या तपशिलात चूक निघाली तरी मूळ वर्णन ढळत नाही. आपल्याकडे फाळणीच्या वा दलित स्त्रियांच्या मौखिक इतिहासावर काम करणाऱ्यांना ही कसोटी नवी नाही.

भरपाई आणि दप्तर

जून २००२ मध्ये आयरिश शासनाने १८ धर्मसंघांशी करार केला. संघांनी १२ कोटी ८० लाख युरो रोख व मालमत्तेच्या रूपाने द्यावेत आणि त्या बदल्यात दाव्यांचा उर्वरित भार शासनाने उचलावा, असे ठरले. किती लोक पुढे येतील याचा तेव्हा नीट अंदाज घेतला गेला नव्हता. १५ हजारांहून अधिक लोकांना भरपाई मंजूर झाली आणि चौकशीसह एकूण खर्च सुमारे १५० कोटी युरोपर्यंत गेला. २००९ नंतर संघांनी आणखी रकमा देऊ केल्या, तरी मोठा वाटा करदात्यांनीच भरला.

भरपाई घेणाऱ्यांवर एक अट होती. २००२ च्या कायद्यातील २८ व्या कलमानुसार मंडळापुढील अर्जाचा वा रकमेचा तपशील प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरविण्यात आला. हेतू गोपनीयतेचा असल्याचे सांगण्यात आले. पण ज्या स्त्रियांना लहानपणी 'बाहेर काही बोलायचे नाही' अशी ताकीद होती, त्यांना हे कलम कसे वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

शाळांतून सोळाव्या वर्षी बाहेर पडलेल्या काही मुली थेट मॅग्डालीन धुलाईगृहांत पाठविल्या गेल्या. ती गृहेही धर्मभगिनींचीच होती. रायन आयोगाच्या कक्षेत ती मुख्यत्वे आली नाहीत. २०१३ च्या मॅकअ‍ॅलीस अहवालाने १९२२ ते १९९६ या काळात दहा हजारांहून अधिक स्त्रिया तेथे गेल्याचे दाखवले आणि पंतप्रधान एन्डा केनी यांनी १९ फेब्रुवारी २०१३ रोजी संसदेत माफी मागितली. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

२०१९ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी आयोग व भरपाई मंडळ यांचे सर्व दप्तर ७५ वर्षे बंद ठेवण्याचे विधेयक मांडले. साक्षीदारांना गोपनीयतेचे वचन दिले होते, ते पाळण्यासाठी हे आवश्यक आहे, अशी भूमिका होती. इतिहासकारांनी आणि अनेक माजी विद्यार्थ्यांनी त्यास विरोध केला. आपली साक्ष आपल्या नावानिशी उपलब्ध असावी, निदान ती आपल्याला तरी परत मिळावी, असे काहींचे म्हणणे होते. तर आपले नाव नातवंडांनाही कळू नये असे म्हणणाऱ्याही होत्या. विधेयक संमत झाले नाही. शिक्षा-वह्या नाहीत, अहवालात नावे नाहीत आणि साक्षींची मूळ कागदपत्रे अभ्यासकांना खुली नाहीत, अशा स्थितीत गोल्डनब्रिजच्या त्या जिन्याजवळ उभ्या राहिलेल्या मुलींचा इतिहास लिहिण्यासाठी आज मुख्य आधार आहे तो त्यांनी स्वतः छापून ठेवलेल्या आणि चित्रफितींवर सांगितलेल्या हकिकतींचाच.